पाहुणा निघून जातो, साक्षीदार मागे राहतो

अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. हे वेळापत्रक सांभाळत छत्रपती संभाजीनगरला येणारा परदेशी पर्यटक साधारणपणे दोन, फार तर तीन रात्री मुक्काम करतो. एक दिवस शंभर किलोमीटरवरचा अजिंठा, दुसऱ्या दिवशी तीस किलोमीटरवरचे वेरूळ, वाटेत दौलताबादचा किल्ला, संध्याकाळी बीबी का मकबरा. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी विमान किंवा रेल्वे. तो इथे किती पैसे खर्च करतो, याचे हिशेब पर्यटन खाते मांडत असते. मी आज बोलणार आहे ते त्याच्या खिशातून बेकायदा काढल्या जाणाऱ्या पैशांविषयी. आणि तेही, काढणाऱ्याच्या अंगावर खाकी वर्दी असते तेव्हा.

विषय नाजूक आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. मी इथल्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. रोज पोलिसांशी संबंध येतो. बारा-बारा तास बंदोबस्तावर उभे राहणारे, स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालून समन्स बजावणारे शिपाई मी पाहिले आहेत. त्यामुळे 'सगळेच तसले' हे वाक्य माझ्या तोंडून येणार नाही. पण रस्त्यावर गाडी अडवून, पावती न देता, 'मिटवून टाकू' म्हणून पैसे घेण्याचा प्रकार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. तो प्रकार जेव्हा परदेशी माणसाच्या बाबतीत घडतो, तेव्हा नेमके काय होते आणि त्याची किंमत कोण मोजतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

पहिल्यांदा दोन शब्दांतला फरक पाहू. लाच आणि खंडणी. आपले काम व्हावे किंवा लवकर व्हावे म्हणून सरकारी माणसाला पैसे दिले जातात, ती लाच. भीती दाखवून पैसे काढले जातात, ती खंडणी. जुन्या भारतीय दंड विधानात खंडणीची व्याख्या कलम ३८३ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३०८ मध्ये आहे. सरकारी नोकराने बेकायदा पैसे मागितले तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो आणि त्यात तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. रस्त्यावरच्या व्यवहारात हे दोन्ही गुन्हे एकमेकांत मिसळलेले असतात. कारण सुरुवात बहुतेक वेळा खऱ्या चुकीपासून होते. पर्यटकाने स्कूटर भाड्याने घेतलेली असते, आंतरराष्ट्रीय परवाना जवळ नसतो किंवा मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नसते. विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड मोटार वाहन कायद्यात खरोखरच पाच हजार रुपये आहे. मग कोर्टाची, पोलिस ठाण्याची, चुकणाऱ्या विमानाची भीती घातली जाते आणि शेवटी 'तुम्ही पाहुणे आहात, एवढ्यात भागवू' अशी सवलत जाहीर होते. चूक पर्यटकाची, कायदा सरकारचा आणि पैसे मात्र तिसऱ्याच खिशात!

परदेशी माणूसच सावज का ठरतो? त्याच्याकडे पैसे असतात म्हणून, असे आपण सहज म्हणतो. मला ते पटत नाही. पैसे आपल्याकडच्या बिल्डरकडे आणि व्यापाऱ्याकडे कितीतरी जास्त असतात. खरे कारण असे की, तो निघून जाणार असतो. आपली तक्रारीची सारी यंत्रणा इथेच राहणाऱ्या तक्रारदारासाठी आखलेली आहे.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा कसा लागतो, ते पाहा. तक्रारदाराने आधी विभागाकडे जायचे. मागणी झाली आहे का, याची पडताळणी होते. दोन सरकारी पंच बोलावले जातात. नोटांना फिनॉल्फ्थॅलिन नावाची पांढरी पूड लावतात. तक्रारदार त्या नोटा देतो, इशारा होतो, पथक धावते आणि लाच घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होते. पद्धत उत्तम आहे. पण तिला पैसे देण्याआधीचा वेळ लागतो. रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत उरकणाऱ्या व्यवहारात सापळा लावायचा कधी? पुढे खटला उभा राहतो तो काही वर्षांनी. तोवर तक्रारदार आपल्या देशात परतून संसाराला लागलेला असतो.

त्यात २०१८ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली. लाच देणाराही आता गुन्हेगार ठरतो. मात्र ज्याला बळजबरीने पैसे द्यावे लागले, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तर तो त्यातून सुटतो. तरतूद न्याय्य आहे, पण या सात दिवसांत पर्यटक वेरूळहून निघून मुंबईत, मुंबईहून गोव्यात किंवा थेट आपल्या घरी पोहोचलेला असतो. त्याला ही तरतूद ठाऊक असण्याचे तर काहीच कारण नाही. म्हणजे जो पैसे घेतो त्याला पक्के माहीत असते, की हा माणूस परत येणार नाही.

मग अशी प्रकरणे उघडकीस येतात तरी कशी? गेल्या काही वर्षांतली उदाहरणे पाहिली तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते.

आपल्या शेजारच्या गोव्यापासून सुरुवात करू. २०१० साली यू-ट्यूबवर काही चित्रफिती आल्या. त्यांत एक इस्रायली अमली पदार्थ विक्रेता पोलिसांशी असलेल्या आपल्या संबंधांच्या बढाया मारताना दिसत होता. त्या फिती प्रसिद्ध करणारी त्याची पूर्वीची मैत्रीणही परदेशीच होती. अमली पदार्थविरोधी पथकातल्या निरीक्षकासह काही पोलिस निलंबित झाले, अटका झाल्या, तपास पुढे सीबीआयकडे गेला आणि गोवा विधानसभेला सभागृह समिती नेमावी लागली. हे प्रकरण रस्त्यावरच्या वसुलीचे नव्हते, त्याहून मोठ्या साटेलोट्याच्या आरोपाचे होते. पण परदेशी माणसे आणि स्थानिक पोलिस यांच्यातले व्यवहार किती खोल जाऊ शकतात, याची चर्चा तेव्हापासून गोव्यात थांबलेली नाही. पर्यटकांच्या गाड्या अडवण्याविषयी तिथे इतकी ओरड झाली, की अंगावर कॅमेरा असलेल्या अधिकाऱ्यांनीच चलान द्यावे, अशा घोषणा सरकारला कराव्या लागल्या.

दुसरे उदाहरण दिल्लीचे. २०२३ च्या जुलैत एका दक्षिण कोरियाच्या नागरिकाच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचे चित्रण सर्वत्र पसरले. वाहतूक पोलिस पाच हजार रुपये मागतो, चालक आधी पाचशेची नोट काढतो, मग समजल्यावर पाच हजार देतो, दोघे हस्तांदोलन करतात आणि गाडी निघते. पावती नाही. पावती देण्याआधीच चालक निघून गेला, असे त्या पोलिसाचे म्हणणे होते. वरिष्ठांनी त्याला निलंबित केले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीजवळच्या गुरुग्राममध्ये एका जपानी पर्यटकाकडून हेल्मेटच्या कारणावरून हजार रुपये घेतल्याचा व्हिडिओ आला आणि तीन वाहतूक पोलिस निलंबित झाले.

हे आपल्याच देशाचे दुखणे आहे, असेही नाही. पर्यटनावर जगणाऱ्या थायलंडमध्ये १९७६ पासून स्वतंत्र पर्यटक पोलिस दल आहे, ११५५ हा त्यांचा मदतीचा क्रमांक आहे. तरीही २०२३ च्या जानेवारीत तैवानच्या एका अभिनेत्रीने जाहीर केले, की बँकॉकमधल्या तपासणी नाक्यावर पोलिसांनी आपल्याकडून २७ हजार बाथ उकळले. पोलिसांनी आधी साफ इन्कार केला. मग पुरावे पुढे येत गेले, कबुली आली आणि अधिकाऱ्यांवर कारवाई झाली.

या चारही प्रकरणांत समान धागा कोणता? कारवाई पोलिस ठाण्यात दिलेल्या फिर्यादीमुळे सुरू झाली नाही. ती जगाला चित्र दिसले किंवा सांगणारी व्यक्ती प्रसिद्ध होती म्हणून झाली. ज्याच्याकडे कॅमेरा आहे, ज्याच्यामागे हजारो प्रेक्षक आहेत, त्याला न्याय मिळाला. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, तो पैसे देतो आणि निघून जातो. न्याय असा योगायोगावर चालत असेल, तर त्याला व्यवस्था म्हणता येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पाहुणा निघून जातो, पण तो प्रसंग पाहणारी माणसे इथेच राहतात. गाडीचा चालक, गाइड, लॉजचा व्यवस्थापक, नाक्यावरचा चहावाला. हा प्रकार त्यांच्या डोळ्यांसमोर घडतो आणि त्यातून ते काहीतरी शिकतात.

काही वर्षांपूर्वी एका लॉजचे व्यवस्थापक भाडेकराराच्या कामासाठी माझ्याकडे आले होते. बोलता बोलता त्यांनी सांगितले, की त्यांच्याकडे उतरलेल्या एका तरुण परदेशी जोडप्याला शहराबाहेर अडवून चार हजार रुपये घेतले गेले. पावती दिली नाही. जोडपे परत आले तेव्हा मुलगी रडत होती. मी विचारले, "तुम्ही तक्रार का नाही केली?" ते म्हणाले, "साहेब, ते उद्या मुंबईला जातील. मला इथंच राहायचंय." पुढे त्यांच्याच लॉजमध्ये एका पाहुण्याचा मोबाइल चोरीला गेला. यांनी पोलिसांत जाण्याऐवजी स्वतःच्या गल्ल्यातून भरपाई देऊन प्रकरण मिटवले. चोर कोण होता, तो आणखी किती लॉजमध्ये फिरला, हे कोणालाच कळले नाही.

माझ्या मते खरे नुकसान इथे आहे. चार हजार रुपये त्या जोडप्याचे गेले. पण पोलिसांना खबर देणारा एक माणूस शहराने गमावला. पोलिसांचे काम काठीपेक्षा अशा खबरींवर जास्त चालते. लॉजमध्ये संशयास्पद माणूस उतरला, रिक्षात बेवारस पिशवी सापडली, गल्लीत अनोळखी गाडी दोन दिवस उभी आहे, हे सांगणारा नागरिक नसेल, तर कितीही गस्त घाला, उपयोग होत नाही. हॉटेलात परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती कळवण्याचे बंधन हॉटेलचालकावर आहे. म्हणजे कायद्यानेच हॉटेलवाल्याला पोलिसांचा भागीदार केले आहे. तो भागीदारच पोलिसांना टाळू लागला, तर ती माहिती कागदापुरती उरते.

सामान्य माणूस यातून आणखी एक हिशेब मनात करतो. ज्या पाहुण्यामागे दूतावास आहे, ज्याच्यासाठी सरकार 'अतिथी देवो भव'च्या जाहिराती करते, त्याची ही गत असेल, तर सिल्लोडच्या शेतकऱ्याची किंवा चिकलठाण्याच्या कामगाराची कोण पर्वा करणार? कुंपणच शेत खाते, ही म्हण आपल्याकडे उगाच रुजलेली नाही. याचा फायदा उठवणारेही टपलेले असतात. 'आम्ही पोलिस आहोत, पुढे तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात ठेवा' असे सांगून वृद्धांना लुबाडणाऱ्या तोतयांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. खरे पोलिस पावतीशिवाय, कारण न सांगता झडती घेतच नाहीत, अशी लोकांची खात्री असती, तर तोतयाचे नाटक दोन मिनिटे टिकले नसते.

पाहुण्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी अंमलदारावर असते, ही कल्पना आपल्या मुलखाला नवी नाही. जाँ द थेव्हनो नावाचा फ्रेंच प्रवासी १६६६ साली सुरतेला आला आणि पुढे औरंगाबाद, दौलताबाद, वेरूळ पाहत गोवळकोंड्याकडे गेला. शहरात रात्री चोरी झाली तर कोतवालाला जाब द्यावा लागतो, अशी रीत त्याने लिहून ठेवली आहे. प्रत्यक्षात ती किती पाळली जात असेल ते असो. पण चोराचा शोध लागला नाही तर जबाब रखवालदाराने द्यायचा, हे तत्त्व त्यामागे होते. आज महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असे आहे. त्याचाही अर्थ फार वेगळा नाही.

पाहुणा निघून गेला म्हणजे काहीच करता येत नाही का? येते. निघून जाणाऱ्या साक्षीदाराची अडचण न्यायालयांनी आणि कायद्याने गेल्या वीस-बावीस वर्षांत बरीच सोडवली आहे. फक्त ती वाट वापरली जात नाही. २००३ साली 'महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई' या खटल्यात अमेरिकेतल्या एका डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने नोंदवता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. साक्षीदाराने न्यायालयात शरीराने हजर असलेच पाहिजे, हा समज तिथे मोडला. १५ डिसेंबर २०२२ रोजी 'नीरज दत्ता' प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले, की लाचेच्या खटल्यात तक्रारदार मरण पावला, उलटला किंवा साक्षीला मिळाला नाही, तरी इतर साक्षीदारांच्या जबाबावरून आणि परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते. याचा सरळ अर्थ असा, की पर्यटक परत गेला तरी गाइडची साक्ष, लॉजच्या नोंदी, रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण यांना किंमत आहे. आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. घटना कोणत्याही हद्दीत घडली असली, तरी कोणत्याही पोलिस ठाण्याला फिर्याद नोंदवून घ्यावी लागते. संभाजीनगरच्या रस्त्यावर घडलेल्या प्रकाराची फिर्याद पर्यटकाला विमान पकडण्याआधी मुंबईतही देता येईल.

आणि पोलिसांनी मनावर घेतले तर किती वेगाने काम होते, याचेही उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत खार भागात दक्षिण कोरियाची एक तरुणी रस्त्यावरून थेट प्रक्षेपण करत असताना दोन तरुणांनी तिची छेड काढली. मुंबई पोलिसांनी तिच्या तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून दखल घेतली आणि दोघांना अटक केली. त्या कारवाईने शहराची अब्रू वाचली. हाच उत्साह, समोर आरोपी म्हणून आपलाच सहकारी असेल तेव्हाही दिसला पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे.

आपण नागरिकांनी काय करावे, हे थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात वाहतुकीचा दंड ई-चलानने आकारला जातो. त्यामुळे 'चलान करा' एवढे दोनच शब्द गाइडने आणि चालकाने पर्यटकाला शिकवले, तरी निम्मे प्रकार जागीच थांबतील. पोलिसांना पासपोर्ट पाहण्याचा अधिकार आहे. पण कोणतीही वस्तू जप्त करायची तर तिची यादी करावी लागते, साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या लागतात आणि नव्या कायद्यानुसार चित्रीकरणही करावे लागते. पासपोर्ट खिशात घालून 'आधी पैसे' म्हणणे कोणत्याही कायद्यात बसत नाही. प्रसंग घडलाच तर तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा क्रमांक आणि छातीवरच्या पट्टीवरचे नाव त्याच दिवशी लिहून ठेवा. पर्यटकांसाठी १३६३ हा केंद्र सरकारचा मदत क्रमांक आहे. तिथे हिंदी-इंग्रजीबरोबर जपानी, कोरियन, फ्रेंच, जर्मन अशा दहा परदेशी भाषांत बोलता येते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक लॉजच्या काउंटरवर आणि अजिंठ्याला जाताना फर्दापूरला जिथे गाडी सोडून बसमध्ये बसावे लागते, त्या थांब्यावर मोठ्या अक्षरांत लागले पाहिजेत. त्याला फारसा खर्च येत नाही.

पोलिस खात्यासाठीही एक सूचना आहे. पर्यटन मार्गावर नेमणूक असलेल्या प्रत्येकाच्या अंगावर कॅमेरा द्या. त्यात प्रामाणिक शिपायाचेच सर्वात जास्त हित आहे. खोटा आरोप झाला तर त्याचे चित्रण त्याला वाचवील, आणि शेजारच्या सहकाऱ्याच्या पापाची सावली त्याच्यावर पडणार नाही. निलंबनाची बातमी छापून येते, तसा चौकशीचा निकालही लोकांना कळवा. निलंबित झालेला माणूस सहा महिन्यांनी गुपचूप दुसऱ्या नाक्यावर उभा दिसला, की लोक त्यातूनही धडा घेतात.

अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही लेणी १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्यांच्या जतनासाठी आणि पर्यटन विकासासाठी जपानने कर्ज दिले; रस्ते, विमानतळ, पर्यटक केंद्र यांवर दोन टप्प्यांत पैसा खर्च झाला. इतके करून आणलेल्या पाहुण्याला शेवटी गाठ पडते ती रस्त्यावरच्या एका माणसाशी. तो पावती देतो की नाही, हे त्या क्षणी पाहुण्याइतकेच बाजूला उभा असलेला आपला माणूसही पाहत असतो. पाहुणा तो प्रसंग आपल्या देशात जाऊन दहाजणांना सांगेल, कदाचित विसरूनही जाईल. बाजूला उभा असलेला माणूस मात्र उद्या घरात चोरी झाली, तर पोलिस ठाण्याची पायरी चढायची की नाही, हे त्यावरूनच ठरवणार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)